बोटभर फट

“खिडकी पुरती लावू नका हं, ताई. बोटभर फट राहू द्या,” मावशी म्हणाल्या होत्या. मी “हो हो” म्हटलं. बोलणाऱ्याने लवकर जावं म्हणून म्हणतात, तसं.

ऐन पावसाळ्यात डोंगरावर जायची हौस नवऱ्याची. “गर्दी नाही, भाडं निम्मं, शांतता फुकट!” सात खोल्यांच्या त्या विश्रामगृहात आम्हीच तिघं: तो, मी आणि पाच महिन्यांचं बाळ. शिवाय मावशी. हंगाम संपला की मालक खाली गावात राहायचा. मावशींनी मात्र तिथे एकोणीस पावसाळे एकटीने काढले होते. रोज बंद खोल्या उघडायच्या, गाद्यांवर तळहात दाबून ओल बघायची, गाद्या उलटवायच्या. “गाद्यांची दुखणी काढते मी,” असं हसून सांगायच्या. स्वयंपाकघरामागची खोली हेच त्यांचं घर.

दुसऱ्या दिवशी बाळाची सगळी दुपटी ओली. ते शिंकलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

“मावशी, काहीतरी करा हो.”

“इथे ऊन पोस्टाने येतं, ताई. कधी मिळतं, कधी गहाळ होतं.” मग म्हणाल्या, “कोळशाची शेगडी आहे. पण खोलीत द्यायची नाही, अशी मालकांची ताकीद आहे.”

“त्यांना कोण सांगायला जातंय?” हे मीच म्हणाले.

त्यांनी शेगडी आणली. वर टोपली पालथी घातली, तिच्यावर दुपटी पसरली. खिडकी मिटू नये म्हणून चौकटीत चिंधी गुंडाळलेला लाकडाचा तुकडा अडकवला. मग बोटभर फटीचं ते वाक्य बोलून कामाला गेल्या.

नवरा दुधाची पावडर आणायला बाजारात गेला होता. फटीतून येणारा गार वारा नेमका बाळाच्या डोक्यावर. मी लाकूड उपसून बॅगेत टाकलं आणि खिडकी घट्ट लावली. थोड्या वेळाने डोकं जड झालं. जागरणं होतायत, म्हटलं. बाळाला कुशीत घेऊन आडवी झाले.

जाग आली ती थंडीने. दार सताड, खिडकी सताड, कूस रिकामी. भिंत धरत बाहेर आले तर व्हरांड्याच्या कडेला, पावसाच्या तुषारांत, मावशी बाळाला घेऊन उभ्या. त्याचे तळवे चोळत होत्या. “रड रे राजा, रड एकदा.” पायरीवर फेकलेली शेगडी पावसात चुरचुरत होती.

बाळ रडलं. मी ते हिसकावून घेतलं.

तेवढ्यात नवरा आला. “पावसात बाहेर आणलं त्याला? अक्कल गहाण ठेवलीय का?”

“साहेब, खिडकी...”

“न विचारता उचलून नेलं माझ्या कुशीतून,” मी म्हणाले. पाय लटपटत होते. मला वाटलं, रागाने.

नवऱ्याने फोन केला, मालक तासाभरात वर आला. “खोलीत शेगडी? बजावलं होतं ना?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी बाळाचं टोपडं सारखं करत राहिले.

“कपडे वाळत नव्हते, साहेब. चुकलं माझं.”

“उद्या सकाळी स्वयंपाकघरामागची खोली रिकामी करा.”

सकाळी निघताना त्या आमच्या खोलीत चादरी न्यायला आल्या. गादीवर सवयीने तळहात दाबला, आणि गादी उलटवूनच गेल्या.

महिन्याने लस टोचायला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंना हा किस्सा मी तक्रारीच्याच सुरात सांगितला. त्यांचा हात थांबला.

“पेटलेला कोळसा, बंद खिडकी आणि तुमचं डोकं जड? अहो, कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघंही उठला नसतात.”

घरी येऊन मालकाला फोन केला. शेगडी मीच मागितली होती, खिडकीही मीच लावली होती, हे सांगितलं.

“आता माणूस ठेवलाय मी दुसरा.”

“मावशी कुठे असतात?”

“पत्ता कोण विचारत बसतो, बाई?”

मीही विचारला नव्हता.

ते चिंधीचं लाकूड बॅगेत, बाळाच्या मोज्यांत सापडलं. आता आमच्या खिडकीत असतं. चिंधी जुन्या चादरीची आहे, कडेला बारीक हातशिलाई.

पावसाळ्यात तुम्ही कुठल्या डोंगरावर उतरलात, आणि तिथे एखादी बाई गादीवर तळहात दाबून ओल बघताना दिसली, तर तिला एवढंच विचारा: मावशी, तुमची स्वतःची गादी कोरडी आहे ना?