डाल्याखालचं पीठ

डालं उचललं तशी सगळी माणसं एकदम वाकली, आणि श्रेयाला नुसत्या पाठी दिसल्या.

सहा वर्षांच्या श्रेयाचे आजोबा, कडूबा, वारले होते. त्यांचा जीव गेला त्या जागी काल सांजेला पीठ पसरून, दिवा लावून वर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलं होतं. आबा येतील, पुढचा जन्म ज्या जिवाचा, त्याचं पाऊल उमटवून जातील, असं आबांच्या बहिणीनं, सारजाबाईंनी, तिला सांगितलं होतं. घरात फोडणी नको, टीव्ही नको, केस विंचरायला नको. इतक्या नकोंमध्ये श्रेयाच्या वाट्याला हे एकच 'येतील' आलं होतं.

पिठावर बारीक ठिपक्यांची रांग होती. सारजाबाईंनी मोर ओळखला; भावाला त्या साध्यासुध्या जन्माला जाऊ देणार नव्हत्या. साहेबरावकाकांनी त्याच ठिपक्यांतून गाय काढली. आबांच्या आजारपणात ते एकदाही फिरकले नव्हते, आणि गाय काही मनात ठेवत नाही. उंदीर दोघांनाही दिसला नाही.

श्रेया पायांमधून आत घुसली.

"काठीचं भोक कुठंय?"

कुणी हसलं, कुणी गप म्हणालं. तिनं आईला विचारलं, मग वडिलांना, बन्सीला. बन्सीनं वैतागून सांगितलं, काठी अंथरुणासोबत खाम नदीवर टाकली. गेलेल्या माणसाचं घरात ठेवत नसतात.

"मंग आबा येतील कसं? मोरीपर्यंत जाता येत नव्हतं त्यायला."

खरंच होतं. चितेगावच्या कंपनीच्या गेटवर उभं राहून राहून वॉचमन कडूबांचे गुडघे गेले होते.

"आता त्यायला काठी लागत नाय, बाई," सारजाबाई म्हणाल्या.

"तुला काय माहीत? तू तर दिवाळीलाच येती."

यावर कुणी हसलं नाही. आईनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं, वर एक धपाटाही दिला. मोर की गाय, हे चहा होईपर्यंत चाललं.

दुपारी सारजाबाई कुठं दिसेनात. परतल्या तेव्हा लुगड्याच्या काठाला कुसळं होती आणि हातात काठी. त्यांनी ती नळाखाली धुतली आणि दाराच्या आत, नेहमीच्या कोपऱ्यात टेकवली.

श्रेयानं ती उचलली. दाराबाहेर नेऊन पायरीला टेकवली, मूठ रस्त्याकडं करून.