गोष्टीतल्या बैलाची किंमत

उकंडरावांचा उजवा हात दुपट्ट्याखाली गेला आणि त्यांच्या तोंडातून एक बैल बाहेर निघाला.

"त्यानं लोनारच्या तळ्याले तोंड लावलं," ते सांगू लागले, "तं पानी हातभर खाली गेलं. खारं पानी, बरं. पुढं सा महिने धन्यानं त्याच्या पेंडीत मीठ नाही टाकलं."

समोरच्या शेतकऱ्याची बोटं दुपट्ट्याखाली त्यांच्या बोटांत होती. मेहकरच्या बैलबाजारात किंमत तोंडाने बोलायची नाही, असा रिवाज. दलालाने झाकलेला हात पुढे करायचा, विकणाऱ्याने बोटं दाबून आकडा सांगायचा. मग तोच दलाल घेणाऱ्याचा हात धरून त्याच्या मनातलं काढणार. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळता कामा नये, कारण तो बहुधा दुसरा दलालच असतो आणि त्याच्याकडेही एक गिऱ्हाईक तयार असतं.

"आता तुमीच सांगा," उकंडराव म्हणाले, "असा बैल केवढ्याले गेला असंन?"

"साडेचारशे," शेतकरी हसून म्हणाला. "त्याच्या खाली तं शेपूटबी भेटत नाही त्याचं."

लिंबाखाली दगडावर बसलेल्या शेषरावाने वहीच्या डाव्या पानावर गोष्ट टिपली, अगदी साडेचारशेसकट, आणि सौदा तुटल्यावर, म्हणजे पक्का झाल्यावर, उजव्या पानावर खरी किंमत लिहून बापाच्या नावापुढे सातवी रेघ ओढली. पलीकडे दुसऱ्या दलालाच्या, इंद्रभानच्या, नावापुढे तीनच रेघा होत्या. इंद्रभान वयाने पंधरा वर्षं लहान, हिशेबाला चोख, आणि बैलाचे दात न बघता नुसत्या चालीवरून वय सांगणारा. तरी तीन.

शेषराव नागपूरला एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. लेखी परीक्षा वैशाखातच झाली होती, प्रबंध तेवढा राहिला होता. विषय प्रोफेसरांनीच दिलेला: एकच माल घेऊन दोघं शेजारी बसले, तर गिऱ्हाईक एकाकडेच का वळतं? त्याच्यापाशी असं काय असतं, जे शेजाऱ्याला उचलता येत नाही? बाकीच्यांनी गिरण्या धरल्या, पेढ्या धरल्या. शेषरावाने बाप धरला. पहिला वर्ग मिळाला तर जिल्ह्यातल्या नव्या कॉलेजात शिकवायची जागा त्याची, असं पक्कं ठरलं होतं, आणि पहिला वर्ग या एका प्रकरणावर अडला होता.

उत्तर त्याने लिहून टाकलं होतं. गोष्टी. बापाची एक गोष्ट दुसरीसारखी नसे. एका गोष्टीतला बैल एकटाच अकोल्याच्या कोर्टात जाऊन साक्ष देऊन आला होता, आणि वकिलाने उलटतपासणी घेतली तर त्याने वकिलाचा कोट खाल्ला होता. माणसं हसत आणि हसता हसता दावं सोडून देत. बाकीचे दलाल मात्र गोष्ट सुरू झाली की पाठ फिरवत. कोणी पागोटं सोडून पुन्हा बांधायला घेई, कोणी तंबाखू मळत भलत्याच बैलाच्या खुरांकडे बघत बसे. इंद्रभान तर उठून थेट हौदावर जाई. शेषरावाने लिहिलं होतं: प्रतिस्पर्धी बेफिकीर आहेत, शिकण्याची इच्छा नाही.

या ओळीखालीच प्रोफेसरांनी तांबडी रेघ ओढली. समासात लिहिलं, माणूस आपल्या पोटावर पाय येताना पाठ फिरवून बसत नाही. हे लोक का बसतात ते शोधा, त्याशिवाय प्रकरण उभं राहत नाही.

इकडे उकंडरावांनी भलतंच करून ठेवलं होतं. पोरगा आपल्यावर बुक लिहून राह्यला, हे त्यांनी बाजारात सांगितलं. पोळ्याच्या बाजारी तो ते लिंबाखाली सगळ्यांसमोर वाचून दाखवणार, इंग्रजीचं मराठी करून, हेही सांगितलं. बुकाचं वजन त्यांनी अडीच शेर सांगितलं होतं. पुढच्या बाजारापर्यंत ते पावणेचार शेर झालं.

पोळ्याच्या आधीच्या बाजारी बापाने गोष्ट काढली आणि इंद्रभान उठला, तसा शेषराव त्याच्या मागोमाग हौदावर गेला.

"इंद्रभानभाऊ, बाबाची गोष्ट निघाली का तुमी उठून काऊन येता?"

इंद्रभानने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मास्तर, पाणी प्यायला येतो, म्हणाला. शेषराव हलला नाही. तेव्हा इंद्रभानने त्याच्या काखेतल्या वहीकडे मान केली.

"गोष्टीतला बैल केवढ्याले गेला, तेबी लिव्हता म्हनं तुमी."

"लिहितो."

"अन् खरा सौदा कितीत तुटला, ते?"

"तेही लिहितो."

"मंग दोन्ही पानं एका खेपेले नाही वाचली कधी?"

शेषरावाने वही उघडली. साडेचारशे मागितले, चारशे तीसला तुटला. गोष्टीत तीनशे दहा, सौदा तीनशेचा. पानामागून पान. प्रत्येक गोष्टीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याने मागितलेली किंमत होती, सगळ्या बाजारादेखत मोठ्याने बोललेली. तो पानं उलटत राहिला, पुढे कोरी पानं लागली तरी.

"माघात त्यायच्या अंगावरून वारं गेलं," इंद्रभान हळू म्हणाला. "हात हालते, पन बोटायले काई कयत नाही. कोनी दोन दाबले का चार, पत्ता नाही. दोन बाजार उलटेसुलटे सौदे झाले, गिऱ्हाइकं एकमेकाच्या अंगावर गेली. तिसऱ्या बाजारी त्यायनं ही युक्ती काढली. त्यायले वाटते, कोनालेच मालूम नाही."

"पण किंमत तं सगळ्यांच्या कानावर जाते."

"म्हनून तं उठून येतो."

मागे बाजारात हशा उठला. बैलाने वकिलाचा कोट खाल्ला असावा.

शेषरावाने विचारलं, आणि गिऱ्हाइकं? त्यांना माहीत आहे? इंद्रभान दुपट्ट्याने तोंड पुसू लागला. आईने कळवलं कसं नाही, असंही शेषराव बोलून गेला. त्यावर इंद्रभान एवढंच म्हणाला की तुमची परीक्षा होती, आणि भिमाबाईंनी माझ्याचकडून कार्ड लिहून घेतलं होतं. सर्व खुशाल असं.

घरी त्या दिवशी शेषरावाने पहिल्यांदा नीट पाहिलं. भिमाबाई नवऱ्याची भाकर कुस्करूनच ताटात वाढत होती. पुरुषमाणूस बाजारातून दमून येतो, म्हणून असेल, असं त्याला इतके दिवस वाटत आलं होतं. ताट ठेवताना तिने मुलाकडे पाहिलं. मग पदराने चुलीपुढची राख सारखी करत बसली.

उत्तर आता त्याच्यापाशी होतं, आणि प्रोफेसरांना हवं होतं ते हेच. दोन दिवस तो वही पुढ्यात घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्याने ते प्रकरण नव्याने उतरून काढलं.

पोळ्याच्या बाजारी लिंबाखाली एवढी गर्दी झाली की शिंगं कोणती आणि पागोटी कोणती ते ओळखू येईना. शेषरावाने कागदावर डोळे ठेवून वाचलं. अशा गोष्टी सांगायला जी जीभ लागते ती दुसऱ्यापाशी नाही, म्हणून बाकीचे दलाल ती पद्धत उचलू शकत नाहीत, असं प्रकरणाच्या शेवटी होतं. मग मागून इंद्रभान म्हणाला, "खरं लिव्हलं मास्तरनं. आमची जीभ जड हाये." सगळे दलाल एकदम माना हलवू लागले. एकाने तर आपण घरी बायकोला गोष्ट सांगून पाहिली आणि ती मधेच झोपली, असंही सांगून टाकलं. उकंडरावांची छाती अशी फुगली की सदऱ्याची दोन बटणं उडाली. त्यातलं एक चिखलीच्या रस्त्याला सापडलं म्हणतात.

तेच प्रकरण नागपूरला गेलं. कार्तिकात निकाल लागला. दुसरा वर्ग. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर प्रोफेसरांची तांबडी शाई होती: निष्कर्षाला पुरावा नाही. कॉलेजातली जागा अमरावतीच्या एकाला गेली.

शेषराव अकोल्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने आला. दुपारची वेळ होती. उकंडराव ओसरीवर बसले होते, निकालाचं कार्ड आधीच पोचलं होतं. पोरगा पायरीवर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, की पयला नंबर हुकला काऊन?

शेषरावाने पायातले बूट काढले. बुटांकडेच बघत तो सांगू लागला, की ते प्रकरण फारच उत्तम निघालं. एक प्रोफेसर ते वाचायला म्हणून घरी घेऊन गेले, त्यांच्याकडून दुसऱ्यांनी नेलं, दुसऱ्यांकडून ते पुण्याला गेलं, पुण्याहून थेट दिल्लीला. मार्क द्यायच्या दिवशी प्रबंधात ते प्रकरणच नव्हतं. मग बाकीच्या पानांवर जेवढे बसले तेवढेच मार्क दिले.

आत भिमाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

गोष्ट वाईट नाही, पण सांगणाऱ्याने बुटाकडे पाहू नये, असं उकंडरावांनी समजावलं. सांगणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, तिथेच सगळं असतं.

"लिंबाखाली वाचलं, तवाबी तू खालीच पाहून राह्यला होता."

"कागद होता ना हातात."

"हाव. कागद होता."

ते रस्त्याकडे बघत बसले. एक बैलगाडी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत ते तसेच होते. मग त्यांनी विचारलं, अगदी सावकाश, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल विचारावं तसं.

"सगळ्यायले मालूम हाये का रे?"

शेषरावाने मान वर केली. बापाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"काय मालूम, बाबा?"

उकंडराव पाहत राहिले. शेषरावाने पापणी हलू दिली नाही.

"आता जमली," ते म्हणाले.