माझं तोंड मोठं कसं झालं

मी एक जुनी, हातभर लांबीची फळी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या एका काठाला तीन बोटं रुंद खाच आहे, आणि त्या खाचेला विचारल्याशिवाय आमच्या रानात कोयता चालत नसे.

माझा जन्म भांडणातून झाला. फावड्या-कुदळींचे दांडे बनवणारा एक सुतार होता. सगळे त्याला बारक्या म्हणत. आता तो अंगाने चांगला आडवा झाला, तरी नाव तेच. त्याची थोरली बहीण रानातून काठ्या आणणाऱ्या बायकांची म्होरकी. तिला सगळ्या मावशी म्हणत. झाड मुळापासून न तोडता बुंध्यावर फुटून वाढलेल्या काठ्याच त्या काढत. पण कोणती काठी तयार आणि कोणती कोवळी, यावरून रोज वाद व्हायचा. शेवटी बारक्याने माझ्यात खाच पाडली. माझ्या तोंडात मावली ती काठी कोवळी, तिला हात लावायचा नाही. मावली नाही ती तयार. खाचेतून निघालेला ठोकळा त्याने आपल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.

मावशीच्या कमरेला बांधून घेऊन मी डोंगरभर हिंडले. दर हंगामात हजारो काठ्या माझ्या तोंडाला लागत. तोडलेले बुंधे पुन्हा फुटत, बायकांच्या हाताला काम मिळे. सगळ्या माझं कौतुक करत आणि मी फुशारून जाई, खोटं कशाला बोलू?

पंधरा-सोळा वर्षांनी मात्र काठ्या कमी पडू लागल्या. दिवसभर हिंडून जेमतेम एक भारा व्हायचा. इकडे बारक्याचं रडगाणं वेगळंच. "हल्ली दांडे तासता तासता खांदे भरून येतात. हा ढलप्यांचा ढीग बघा, गुडघ्याला लागलाय." दोन्ही तक्रारी रोज माझ्या कानावर पडत, पण दोन्हींचं मूळ मीच, हे मलाही उमगलं नाही.

एके दिवशी बायकांनी मावशीला घेरलं. त्यांच्यातली सगळ्यात तिखट होती ती म्हणाली, "मावशी, या फळीच्या नादानं पोट भरायचं नाही. उद्यापासून दिसेल ते तोडू. हिला घाला चुलीत."

मावशीचा चेहरा उतरला. दिसेल ते तोडलं तर चार वर्षांत डोंगर बोडका होणार, हे तिला ठाऊक होतं. आणि मी? मला चुलीची फार भीती वाटली.

ती तडक बारक्याकडे आली आणि रागाच्या भरात तिने मला टेबलावर आपटलं. टेबल हललं, पायाखालचा ठोकळा निसटला.

"ताई, टेबलानं काय घोडं मारलंय तुझं?" बारक्या कण्हत वाकला.

"कसला तुकडा हा?"

"हिच्याच पोटचा. खाच पाडली तेव्हाचा."

मावशीने तो माझ्या खाचेत बसवला. तो घट्ट बसायला हवा होता, पण टपकन खाली पडला. तिने पुन्हा बसवला, तो पुन्हा पडला.

"बारक्या," ती हळूच म्हणाली, "हिचं तोंड मोठं झालंय."

काठ्या घासून घासून मी झिजले होते, मित्रांनो. तयार काठ्याही माझ्यात मावत आणि कोवळ्या म्हणून मागे राहत. म्हणून भारा घटला, आणि आलेल्या जाडजूड काठ्या तासताना ढलप्या वाढल्या. बारक्या इतका हसला, की त्या ढलप्यांतच बसला.

त्याने ठोकळ्याच्या मापाने नवी फळी केली. दुसऱ्या दिवशी बायका रानात गेल्या, तर जिकडेतिकडे तयार काठ्या उभ्या! दुपारपर्यंत सगळ्यांचे भारे भरले. परत आल्यावर त्या तिखट बाईने मला पदराने पुसलं. "एवढी वर्षं हिनं आपल्यासाठीच राखून ठेवलं होतं म्हणायचं," ती म्हणाली. त्या दिवशी मला किती आनंद झाला!

आता मी बारक्याच्या कारखान्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते आणि ठोकळा दोरीने माझ्या गळ्यात असतो. दर हंगामाआधी नव्या फळीच्या खाचेत तो घालून बघतात. मित्रांनो, रानातून घ्या, पण मापाने घ्या. आणि अधूनमधून त्या मापालाही तपासून बघा, कारण झिजणाऱ्याला आपलं झिजणं कळत नाही.

टेबल मात्र पुन्हा डुगडुगतं. बारक्या कुरकुरला की मावशी म्हणते, "डुगडुगू दे. रान तर उभं आहे ना?"