काळं फडकं

फडकं वर गेलं आणि गल्लीतल्या चाळीस तोंडांतून एकदम "अल्लाह" निघालं. पांढरंशुभ्र फडकं आमच्या टॅक्सीच्या ॲल्युमिनियमच्या चाकावर फिरलं होतं आणि कोळशासारखं काळं होऊन आलं होतं.

"बघा, नजर निघतेय," शेख मबरूक म्हणाला. "किती खोल रुतलीय बघा. फडकं पांढरं निघेपर्यंत गाडी हलायची नाही, आणि घरातल्या कुणी उंबरा ओलांडायचा नाही. नजर दारातच दबा धरून बसलीय."

घरातलं कुणी म्हणजे मी. माझ्या नवऱ्याला, अतियाला, कॉफीच्या दुकानात जायला नजर सूट देत होती. आडवी यायची ती फक्त मला.

तो दुसरा शुक्रवार होता. तिकडे पोर्ट सईदला माझ्या लेकीचे, रशाचे, दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. रोज फोनवर विचारायची, "आई, निघालीस का?" मी उंबऱ्याच्या आत बसून "उद्या निघते" म्हणायचे. घरात जीव नुसता कोंडून गेला होता. शेख मात्र दर शुक्रवारी यायचा, मंतरलेलं मलम चोळायचा आणि जाताना माझं एक बदक काखोटीला मारायचा. अतियाने रोज चोळावं म्हणून मलमाची डबी तेवढी आमच्याकडे ठेवली होती.

खापर फुटलं ते शेजारच्या शादियावर. तिने "काय चमकतायत चाकं" म्हटलं आणि पुढे नजर लागू नये म्हणून म्हणतात ते माशाल्लाह म्हणायला विसरली. संध्याकाळपर्यंत चाकं काळवंडली. अतियाने तिच्याशी बोलणं टाकलं. त्याच दुपारी त्याने माझा मोरीचा कॉस्टिक सोडा ओतून चाकं धुतली होती, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

बुधवारी माझं पातेलं करपलं. हाताशी तोच सोडा होता. तासाभरात ॲल्युमिनियम काळं पडलं. रागाच्या भरात मी शेखच्या मलमाने घासलं. पातेलं लखलखलं, फडकं काळं. पुन्हा घासलं, पुन्हा काळं. मग नवंकोरं झाकण घासलं. तेही काळं. झाकणाला कोण मेलं नजर लावणार? मी डबीवरचा हिरवा कागद सोलला, खालची अक्षरं वाचली आणि तिथेच बसून रडले.

शुक्रवारी गर्दी जमली तशी मी धुतलेलं फडकं आणि मलमाची डबी घेतली आणि उंबरा ओलांडला.

"उम्म रशा, आत हो," अतिया पुटपुटला. रशाची आई म्हणून तो मला अशीच हाक मारायचा.

"मौलाना," मी शेखला विचारलं, "तुमच्या गाडीला नजर लागलीय का हो?"

"माझ्या? अगं बाई, तिला बघून जिन्नसुद्धा रस्ता सोडतो."

त्याच्या गाडीची चाकं आरशासारखी होती. मी त्यावर मलम चोळलं आणि फडकं वर धरलं. काळंकुट्ट.

वरच्या गॅलरीतून शादिया म्हणाली, "मौलानांना कुणीतरी माशाल्लाह म्हणायचं विसरलं वाटतं."

मग मी डबीवरचं वाचून दाखवलं: 'ॲल्युमिनियमचे पॉलिश. यातील बारीक कण धातूचा वरचा थर खरवडतात. ती पूड काळी दिसते. फडके काळे होणे साहजिक आहे.'

"जन्मभर घासा," मी म्हटलं, "चाक झिजेल, पण फडकं पांढरं निघायचं नाही. म्हणजे मी जन्मभर घरात."

शेखला अचानक कुणाच्यातरी जनाज्याची आठवण झाली. त्या दिवशी बदक नेलं नाही.

अतिया आपल्या काळ्या नखांकडे बघत उभा होता. "चल, बस गाडीत," तो म्हणाला.

"आधी शादियाची माफी माग."

त्याने मागितली, मान खाली घालून, सगळ्यांसमोर. वाटेत रशाचा फोन आला. "आई, निघालीस का?" या वेळी मला खोटं बोलावं लागलं नाही.

तुमच्याही दारात कुणी काळं फडकं नाचवत असेल. त्याला हात जोडण्याआधी एवढंच करा: त्याच्याकडून डबी मागून घ्या आणि घरातलं एक नवं झाकण घासून बघा.