मामाचा खिळा

कलम ९. तासभर उशीर झाल्यास प्रवाशाला पाणी द्यावे. दोन तास झाल्यास खाऊचा डबा. तीन तास झाल्यास पोटभर जेवण.

शब्द मेल्की हेनुकचेच. चार वर्षांपूर्वी जकार्तातल्या सरकारी कचेरीत त्यानं विमानांच्या उशिराच्या नियमांचा हा मसुदा लिहिला, ‘पोटभर’साठी दोन दिवस भांडला आणि जिंकला. आज सुराबायाच्या विमानतळावर त्याच्या हातात पाण्याचा बंद पेला होता. नळी नसलेला.

कुपांगचं विमान सातचं. आता अकरा वाजले होते.

“ताई, निघतोच आहे,” तो फोनवर म्हणाला.

“हे तू सातलाही म्हणालास.”

कुपांगला ओर्पाताईच्या अंगणात तिचा मुलगा येर्मी पेटीत निजला होता. परवा ताडावर रस काढायला चढला आणि पडला. रोते बेटाची माणसं कुठेही राहोत, मामा आल्याशिवाय पेटी बंद करत नाहीत. पहिला खिळा मामाचा. तो चुकला तर मेलेल्याचा पाय घरातून निघत नाही, आणि जिवंतांची तोंडं तीन पिढ्या बंद होत नाहीत.

कलम १४. नैसर्गिक आपत्तीत कलम ९ लागू नाही. विमान रद्द होताना जे कारण असेल तेच ग्राह्य.

हेही त्याचंच.

“ज्वालामुखीच्या राखेमुळे रद्द झालंय, पाक,” विमान कंपनीच्या खिडकीतली वेनिंग म्हणाली. इकडे मोठ्या माणसाला अदबीनं ‘पाक’ म्हणतात. “आम्ही तरी काय करणार?”

“राख साडेनवाला आली. सात ते साडेनऊ काय करत होतात?”

“वैमानिक यायचे होते.”

“आठला दुसऱ्या कंपनीचं विमान गेलं. अर्धं रिकामं! त्यात का नाही बसवलंत?”

“तेव्हा आमचं फक्त उशिरा होतं, पाक. रद्द नव्हतं.”

“म्हणजे चूक वैमानिकाची आणि नाव राखेचं?”

“कलम चौदा.”

“कुठल्या दीडशहाण्यानं लिहिलंय ते?” रांगेतली मागची बाई करवादली.

मेल्कीनं पेल्याच्या झाकणात नख खुपसलं. पाणी शर्टावर उडालं.

(शुक्रवार होता. साडेचार वाजले होते. ‘पहिल्या उशिराचे कारण’ असं लिहायला हवं, हे तेव्हाच डोक्यात आलं होतं. पण शेवटचं पान छपाईला गेलं होतं आणि त्याची बस पाचची होती.)

“निदान लिहून द्या. उशीर वैमानिकामुळे. घरी दाखवायचंय.”

“लिहून देते. पण शिक्का साहेबांकडे आहे.”

“आणि साहेब?”

“जेवायला.”

पोटभर, अर्थात.

फोन. ओर्पा.

“बर्फ वितळलाय, मेल्की. पाद्री येऊन बसलेत. आता नाही रे थांबवत.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी सांग ना.”

“दुसरा कुठून आणू? आईनं दुसरा भाऊ दिलाय मला?”

मेल्कीनं पेला खाली ठेवला.

“फोन पेटीवर ठेव. हातोडा तुझ्या नवऱ्याकडे दे. मी इथे ठोकतो. आवाज आला की त्यानं मारायचं. हात त्याचा, ठोका माझा.”

“हे बसतं कुठल्या नियमात?”

“कुठल्याच नाही. ठेव.”

तिकडे कुजबुज झाली. कुणी म्हातारा म्हणाला, “आमच्या वेळी मामा चालत यायचे.” दुसरा म्हणाला, “समुद्रावरून?” मग पेटीवर फोन ठेवल्याचा आवाज.

कलम ३१.

(लिहिलेलं नाही. मसुदा तिसाव्या कलमालाच संपतो.)

वेनिंग शिक्का घेऊन आली. लाकडी, जाड मुठीचा. कागद पुढे सरकवला. कारण: नैसर्गिक आपत्ती.

“मी वैमानिक लिहिलं होतं, पाक. साहेबांनी बदललं.”

मेल्कीनं कागदाकडे पाहिलंच नाही. शिक्का तिच्या हातातून काढून घेतला, फोन खिडकीच्या फळीवर ठेवला आणि शेजारी शिक्क्याची मूठ आपटली.

ठक्.

दूर कुठेतरी लाकडावर लोखंड पडलं.

ठक्.

रांगेत कुजबुज थांबली.

ठक्.

“शाब्बास, पाक!” मागची बाई ओरडली. “यांना असंच पाहिजे!” तिनं छत्रीची मूठ फळीवर हाणली. कुणी बाटली आपटली, कुणी बूट. चार तासांचा राग एकदम फळीवर उतरला.

“थांबा! अहो, थांबा!” मेल्की दोन्ही हात पसरून फोनवर ओणवा झाला. कुणी ऐकेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पाहून लोक आणखी जोरात आपटत होते.

फोनमधून प्रत्येक आवाजासरशी हातोडा चाललाच होता.

“मेल्की,” ओर्पाचा आवाज आला. “बास रे. बसला खिळा.”