खिळ्यावरचा डबा

नव्या भांड्यातून केक सुळकन ताटात उतरला आणि जिजाबाईंनी चक्क टाळी वाजवली. भांड्याला एक कण चिकटला नव्हता. मी भिंतीवरून वाकून बघत होते. आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे, आणि धरमपेठेत राहायला आल्यापासून माझा निम्मा दिवस तिच्यावर कोपर टेकवण्यात जातो, हे लपवून काय करायचं?

"पाह्यलं? तूप नाही, कागद नाही, काही नाही. माह्या वसंतानं मुंबईहून आणलं," जिजाबाई मला म्हणाल्या. वसंत त्यांचा मुलगा. केक केला होता त्यांच्या धाकट्या जावेनं, गोपिकेनं. तिनं एक तुकडा मोडला, हुंगला आणि सावकाश चावला.

"सुटते मस्त. पण बूड पांढरंफटक राह्यलं," एवढंच ती बोलली.

गोपिकेचा जुना डबा पत्र्याचा. लग्नानंतर इतवारीतल्या एका पत्रेवाल्याकडून तिनं तो करून घेतला होता. भाजून भाजून काळा ठिक्कर पडलेला. त्याला आधी तूप चोपडा, मग मैदा भुरभुरवा, तळाला कागद घाला, एवढे लाड करूनही कधी कधी केकचा कोपरा तो ठेवूनच घ्यायचा. पण बूड असं खरपूस भाजायचा की मुलं आधी तेच मागायची.

या डब्याला घरात जागा नव्हती. गोपिकेचे थोरले दीर, म्हणजे जिजाबाईंचे यजमान भैय्याजी, तुळशीची माळ घातलेले. अंड्याचा हात लागलेलं भांडं स्वयंपाकघरात यायचं नाही, हा त्यांचा कायदा. म्हणून डबा मागच्या अंगणात, न्हाणीघराबाहेरच्या खिळ्यावर, खराट्याच्या शेजारी टांगलेला. केकही तिथंच व्हायचा. कोळशाची शेगडी, तिच्यावर मोठ्या पातेल्यात रेती. गोपिकेचं माहेर खापा, तेव्हा रेतीही कन्हान नदीची, तिथून आणून धुऊन चाळलेली. नागपूरचा मे महिना आणि पुढ्यात पेटती शेगडी, असं ती वर्षानुवर्षं बसली. पावसात डोक्यावर छत्री धरून बसली. अर्ध्या धरमपेठेतल्या पोरांचे वाढदिवस तिच्या केकवर झाले. त्याच कमाईतून घरात गॅस आला, पण गॅसजवळ तो डबा काही गेला नाही.

आणखी एक सांगायला हवं. गोपिका भैय्याजींशी बोलत नसे. त्या घराची तशी रीतच होती. भैय्याजी समोर आले की ती पदर कपाळावर ओढायची, आणि दोघं दोन हातांवर उभे असले तरी निरोप जिजाबाईंच्या तोंडून जायचा. मला आधी हसू यायचं, नंतर राग यायला लागला.

त्या दिवशीही तसंच झालं. भैय्याजींनी नवं भांडं उलटसुलट करून पाहिलं आणि बायकोकडे बघत म्हणाले, "तिले सांग, भांडं चांगलं हाय. याले काही चिकटत नाही. आता अंडं बंद कर म्हणा, अन् खुशाल आत गॅसवर भाज. तो काळा डबा भंगारवाल्याले देऊन टाक."

माणूस वाईट नव्हता. गोपिकेला टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस डॉक्टरकडे धावणारे हेच. मला विचाराल तर मी हा सौदा मुकाट्यानं पत्करला असता. धूर सुटला, ऊन सुटलं, आणखी काय हवं? मी तिला तसं म्हटलंही.

तिनं नवं भांडं मनापासून वापरून पाहिलं. दही घालून, सोडा घालून, अंड्याशिवाय. केक बरे व्हायचे, खोटं कशाला बोलू? धुणं तर नुसतं पाणी फिरवण्याइतकं. फक्त भांडं फार तापलं की एक चमत्कारिक वास सुटायचा, आणि सुरी लावायची चोरी. मग एक दिवस जिजाबाईंनी लेकाच्या भांड्याचे लाड म्हणून ते राखेनं आणि काथ्यानं घासघासून काढलं. त्या घरात भांडं म्हटलं की राख, दुसरं काही ठाऊकच नाही. वरचा काळा थर पापुद्र्यासारखा निघाला आणि पुढचा केक नेमका तिथंच धरून बसला. जिजाबाई रडकुंडीला आल्या. गोपिकेनं त्यांचीच समजूत काढली, भांड्यात खोट नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका वाढदिवसाचा केक द्यायचा होता. गोपिकेनं सकाळीच खिळ्यावरून काळा डबा काढला, चिंचेनं घासला, भिंतीवर उन्हात ठेवला. मला वाटलं, आता शेगडी पेटणार. तिनं डबा उचलला, अंड्यांची टोपली उचलली आणि सरळ स्वयंपाकघराची पायरी चढली.

मी भिंत ओलांडली, हेही लपवत नाही.

जिजाबाई दारात थिजल्या होत्या. गोपिकेचे यजमान रुपराव आरशापुढे दाढी करत उभे. भावापुढे ते कधी ब्र काढत नसत. अर्ध्या गालावरचा साबण त्यांनी तसाच वाळू दिला. भैय्याजी ओसरीतून उठून आले.

"तिले विचार, हे काय करून राहिली ती?"

गोपिकेनं पदर डोक्यावर ठेवला, पण मान वर केली.

"भैय्याजी, मलेच विचारा. मी इथंच आहो."

आवाज चढलेला नव्हता.

"वसंताचं भांडं चांगलं हाय. त्याले काही चिकटत नाही, खरं हाय. पण मी तशी नाही. इतकी वर्षं बाहेर बसली, मले सगळं चिकटलं. तुमच्या ताटात मी कधी अंडं वाढणार नाही, तुमची भांडी अलग ठेवीन. पण हा डबा आता आतच राहीन. हा बाहेर गेला तं मीबी याच्यासंगं बाहेर बसतो. मंग आतला सैपाक कोणी करायचा, ते तुम्ही ठरवा."

ती अंडी फोडून काट्यानं फेटायला लागली.

भैय्याजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. जिजाबाईंना म्हणाले, "तिले सांग, माह्यं ताट आजपासून बाहेर राहीन. मी माह्यं धुऊन घेईन."

त्याला आता वर्ष होत आलं. डबा गॅसच्या वर, नव्या खिळ्यावर आहे. वसंताच्या भांड्यात जिजाबाई कोथिंबीर ठेवतात. आणि भैय्याजी ओसरीवर जेवतात, स्वतःचं ताट अंगणातल्या नळावर स्वतः धुतात आणि आमच्या भिंतीवर पालथं घालतात. या वयात वाकताना त्यांना त्रास होतो, तो दिसतो. मला वाईट वाटतं. गोपिकेलाही वाटत असणार. परवा ती पायरीवर येऊन त्यांच्याशीच बोलली, "आत जागा हाय, भैय्याजी. जवा वाटन तवा ठेवा."

त्यांनी ताट निथळून भिंतीवर पालथं घातलं. ती आत केक बघायला गेली. ताट अजून भिंतीवरच असतं. मी त्याच्यापुरती जागा सोडून कोपर टेकते.