मी खदान ऐकली होती

मित्रांनो, जमिनीला कान लावून बसणारा मी एक जुना जिओफोन आहे. माझ्या पोटात लोहचुंबक आहे आणि स्प्रिंगला टांगलेलं तारेचं वेटोळं. खाली अणकुचीदार पाय. तो जमिनीत रोवतात आणि थोड्या अंतरावर लोखंडी प्लेटवर घण मारतात. हादरा खडकातून झरकन येतो, भुसभुशीत भरावातून रेंगाळत येतो. तो कधी पोचला, ते मी वायरीतून कळवतो.

अंबरनाथच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. पुलांसाठी, पाण्याच्या टाक्यांसाठी मी जमीन तपासणाऱ्या इंजिनिअर जिज्ञासाताईंबरोबर गावोगावच्या जमिनी ऐकल्या. काम झालं की त्या माझ्या अंगावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसत.

मग आम्ही बदलापूरला दौलतराव बिल्डरांच्या साइटवर गेलो. जमीन गयाबाईंची होती. तिच्या बदल्यात त्यांना नव्या बिल्डिंगमध्ये घर मिळणार होतं. एका कोपऱ्यात घणाचा हादरा फारच रेंगाळला. ताईंनी ओळखलं, इथे बुजवलेली दगडाची खदान आहे. पाया खालच्या खडकापर्यंत न्यावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

"मॅडम, तुमचं खेळणं बिघडलंय," दौलतराव सगळ्यांसमोर म्हणाले आणि त्यांनी मला बुटाने लाथ घातली. माझ्या आतली तार तुटली. ताईंचं काम त्यांनी काढून घेतलं.

मी डब्यात पडून राहिलो. तिकडे बिल्डिंग चढत होती आणि इकडे माझ्या मनात सूड. त्या माणसाला त्याच जागेवर, त्याच लोकांसमोर खाली मान घालायला लावायची, एवढीच माझी इच्छा उरली होती.

चाव्या मिळण्याआधी गयाबाई घर बघायला गेल्या. स्वयंपाकघराचं दार लागेना. भिंतीला तिरपी भेग गेली होती. त्यांना ताईंचं बोलणं आठवलं आणि त्यांनी फोन केला. ताईंनी मला बाहेर काढलं, तार सोल्डर केली आणि मला पुन्हा त्याच कोपऱ्यात रोवलं. घर घेणारे सगळे जमले होते, त्यामुळे दौलतरावांना नाही म्हणता आलं नाही.

घण पडला. हादरा पूर्वीसारखाच रेंगाळत आला. लोकांनी तिथेच खणायला लावलं. मातीखालून उल्हासनगरच्या कारखान्यांतल्या जीन्सच्या चिंध्या निघाल्या, कुजलेल्या, निळ्या, थरावर थर.

गयाबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, माझी नातवंडं तुम्ही चिंध्यांवर झोपवणार होता."

दौलतरावांची मान खाली गेली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला फार गोड वाटलं. बिल्डिंगला टाळं लागलं.

पण माझं पोट भरलं नव्हतं. काही दिवसांनी दौलतराव ताईंकडे आले. त्यांचा बंगला त्या जागेला लागूनच होता. "मॅडम, माझ्या घराखाली पण एकदा बघा," ते हळूच म्हणाले. त्यांच्या अंगणात मला रोवलं, तेव्हा वाटलं, हादरा उशिरा आला असं कळवावं. याचीही झोप उडू दे. पण माझी तार माझं ऐकत नाही, जमिनीचं ऐकते. खाली अखंड काळा खडक होता. हादरा झरकन आला आणि मला तसंच कळवावं लागलं.

दौलतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वाकून माझ्यावरून हात फिरवला. तो हात मला लाथेपेक्षा जास्त खुपला.

मित्रांनो, एखादं यंत्र नकोसं काही सांगू लागलं, तर त्याला पुसा, त्याची तार तपासा, दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहा. लाथ मात्र मारू नका. आम्हाला खोटं बोलता येत नाही, आणि विसरताही येत नाही.